ताईची सही

बाळंतपणाला माहेरी आलेली सॉफ्टवेअरवाली बहीण एका रात्रीत आपल्याच बाळाला ओळखेनाशी झाली तर? जळगाव ते धुळे, एका रात्रीची आणि पुढच्या अठरा दिवसांची ही गोष्ट.

ऑफिसात हा डायलॉग तुम्हीही मारलाच असेल. डेडलाइनला कुणी जरा जास्तच पॅनिक झालं, की 'हिला येरवड्याला अ‍ॅडमिट करा रे!' मुंबईकर असाल तर 'ठाण्याला'. मीही मारायचे. २०२१ च्या डिसेंबरनंतर तो माझ्या तोंडून निघत नाही.

माझी मावसबहीण, आमची ताई, पुण्यातल्या आयटी कंपनीत. पगार, फ्लॅट, प्रेमळ नवरा, सगळं जिथल्या तिथे. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्या महिन्यात जळगावला मावशीकडे आली. नॉर्मल डिलिव्हरी, गुटगुटीत मुलगी. मी बारशासाठी आधीच येऊन टपकले होते. फ्रीलान्सरला सुट्टी कोण देणार, लॅपटॉप सोबतच होता.

पाचवी पूजली त्या रात्रीपासून ताई झोपली नाही. नवं बाळ, कोण झोपतं? असं आम्ही म्हटलं. सातव्या दिवशी ती पहाटे तीनला दुपट्यांच्या घड्या घालत होती. घालायची, मोजायची, मोडायची, परत घालायची. बोलणं इतकं भरभर की शब्द एकमेकांवर आपटत होते. ऑफिसच्या ग्रुपवर तिने रात्री दोन वाजता एकवीस मेसेज टाकले आणि सकाळी सगळे डिलीट केले. नवव्या रात्री मला जाग आली तेव्हा ती खोलीत नव्हती. गच्चीचं दार उघडं. थंडीत ती बाळाला छातीशी धरून उभी होती आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सटवाईने अदलाबदल केलीय. हिची खरी आई खाली थांबलीय, तिला द्यायची आहे."

मी बाळ कसं काढून घेतलं, ते मला अजून नीट आठवत नाही.

सगळ्यांना सगळं माहीत

सकाळी सहापर्यंत हॉलमध्ये मतांचं प्रदर्शन भरलं होतं. मालीशवाल्या आजी ठाम होत्या, "बायंतवात शे माय, दुसरं काहीच नही." शेजारच्या काकू म्हणाल्या, सैलानीला न्या. बुलढाणा जिल्ह्यातला तो दर्गा आमच्याकडे कुणालाच नवा नाही. 'बाहेरचं' झालं की गाड्या तिकडेच वळतात. कुणी म्हणालं, झोपेची गोळी द्या, सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीला घराबाहेर काढायचं नसतं. काकांचे एक वकील मित्र आले आणि दार लोटून हळूच म्हणाले, "कागदावर मानसोपचार हा शब्द येऊ देऊ नका. उद्या सासरच्यांनी घटस्फोट मागितला तर?"

डिलिव्हरी केलेल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी दोनच वाक्यं ऐकली आणि म्हणाल्या, ही इमर्जन्सी आहे, आजच्या आज अ‍ॅडमिट करा, बाळाला तिच्याजवळ एक मिनिटही एकटं ठेवू नका.

त्या आजारालाही नाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पोस्टपार्टम सायकोसिस. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना होतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच. 'बेबी ब्लूज' म्हणजे ते दोन-चार दिवसांचं रडू येणं वेगळं, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन वेगळं, आणि हे वेगळं. आधी झोप उडते, मग मन पळायला लागतं, मग भास आणि पक्क्या समजुती. त्या समजुतीपोटी आई स्वतःला किंवा बाळाला इजा करू शकते, म्हणून घरी सांभाळण्याचा हा आजार नाही. पण वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. ज्यांना आधी बायपोलर आजार आहे किंवा मागच्या बाळंतपणात असं झालंय, त्यांना धोका बराच जास्त. गरोदरपणीच डॉक्टरांना सांगितलं तर तयारी ठेवता येते. आपण काय सांगतो? डायबेटिस सांगतो, थायरॉइड सांगतो.

जवळ नको, लांब चला

आता एक कबुली. जळगावात सरकारी मेडिकल कॉलेज २०१८ मध्ये सुरू झालं. एमबीबीएस शिकवणाऱ्या कॉलेजला मानसोपचार विभाग ठेवावाच लागतो. म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर सोय होती. पण काका ऐकेनात. "अर्धं गाव ओळखीचं आहे. जावयाला काय सांगू?" एका खासगी दवाखान्यात गुपचूप विचारलं, तर पेशंट घेऊ पण बाळाला आत आणायचं नाही, म्हणाले. ताईने ते ऐकलं आणि तिच्या मनातल्या गोष्टीला पुरावाच मिळाला: बाळ काढून घेतायत.

यात आमचे सात तास गेले. तापाने फणफणलेल्या माणसाला घेऊन आम्ही सात तास असे फिरलो नसतो.

शेवटी धुळे ठरलं, कारण तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. दुपारी निघालो. एरंडोल, पारोळा, काम चाललेला हायवे, धूळ. ताई मध्ये, मी आणि मावशी दोन्हीकडे, बाळ पुढच्या सीटवर आत्याकडे. आमच्याकडे धुळ्याला ९०-९५ किलोमीटर म्हणजे 'जवळच' म्हणतात. त्या दिवशी ते जवळ नव्हतं.

हॉस्पिटलचं नाव इथे देत नाही, ताईने तसं सांगितलंय. गेटवर आधी कोविडची टेस्ट, मग कॅज्युअल्टी, मग पहिल्या मजल्यावरचा बायकांचा वॉर्ड. तिथे पहिल्याच बाईने मावशीला विचारलं, "तुम्ही जळगावच्या का? मी पण जळगावचीच." काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बांगड्यांचा डबा

वॉर्डबद्दल माझ्या डोक्यात सगळं हिंदी पिक्चरमधलं होतं. अंधारा कॉरिडॉर, पांढरे कपडे, शॉक. प्रत्यक्षात दहा कॉट, खिडकीला जाळी, प्रत्येक कॉटखाली नातेवाइकाची सतरंजी आणि चहाचा थर्मास. आपल्याकडे पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं. इतर वेळी त्याला गर्दी म्हणतात, इथे ती सोय होती.

सिस्टरनी ताईचे दागिने, ओढणी, सलवारची नाडी आणि काचेच्या बांगड्या काढायला सांगितल्या. मावशी मंगळसूत्राशी अडली. नव्या बाळंतिणीचे हात आणि गळा मोकळा? सिस्टर मुळीच चिडल्या नाहीत. ड्रॉवरमधून एक डबा काढला. त्यात प्लास्टिकच्या हिरव्या बांगड्या होत्या, सगळ्या मापाच्या. "या घाला. आणि हळदीकुंकू रोज लावा, त्याला काही नाही." एवढ्याने मावशीचा हात सुटला. तो डबा तिथे कुणी, कधी ठेवला असेल, याचा मी नंतर खूप विचार केला.

मग फॉर्म. इथे मी माझी मास कॉमची डिग्री कामाला लावली आणि सगळं वाचून काढलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याआधी १९८७ चा कायदा होता, आणि त्याच्याही आधी इंग्रजांचा १९१२ चा ल्युनसी अ‍ॅक्ट. नव्या कायद्यात पेशंटला निर्णय घेता येत नसेल, तर तिच्या नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हच्या अर्जावर तिला जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. तेही दोघांनी वेगवेगळं तपासून, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. पेशंट बाई असेल तर हॉस्पिटलने तीन दिवसांत बोर्डाला कळवायचं. पुरुषाला सात दिवस, बाईला तीन. हा फरक कुणीतरी विचारपूर्वक केलाय, कारण बाईला आत टाकून विसरून जाणं सोपं असतं.

अजून बारीकसारीक गोष्टी आहेत. डोकं भादरायचं नाही. पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्याच पाहिजेत. साखळीने बांधायचं नाही. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायचा नाही. हे कायद्यात लिहावं लागलं, म्हणजे काय काय होत असेल ते ओळखा. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळूही शकली नाहीत. तिथेही लोक त्यांना बरं व्हावं म्हणूनच घेऊन गेले होते.

आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम २१. तीन वर्षांखालच्या मुलाला अ‍ॅडमिट असलेल्या आईपासून शक्यतो वेगळं करायचं नाही. धोका असेल तर तात्पुरतं करता येतं, पण तेव्हाही कुणाच्या तरी देखरेखीखाली आईला भेटू द्यायचं आणि दर पंधरा दिवसांनी निर्णय पुन्हा तपासायचा. आम्हाला वॉर्डाच्या टोकाची खोली मिळाली. बाळ मावशीकडे, वरच्या दुधावर. दिवसातून चार वेळा सिस्टर समोर बसायच्या आणि बाळ ताईच्या मांडीवर. पहिल्या दिवशी तिने बघितलंही नाही. चौथ्या दिवशी पाय मोजले. "दोनच आहेत," म्हणाली. आम्ही हसलो, मग तीही.

याला परदेशात मदर-बेबी युनिट म्हणतात. ब्रिटनमध्ये कॅसल हॉस्पिटलने १९४८ मध्येच आईबरोबर मुलाला अ‍ॅडमिट करून घेतलं होतं. लंडनमध्ये १९९५ मध्ये ड्रेटन पार्क हे फक्त बायकांसाठीचं क्रायसिस हाउस उघडलं, हॉस्पिटलच्या ऐवजी राहण्याची जागा. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्सने २००९ मध्ये मदर-बेबी युनिट सुरू केलं. जळगावहून बंगळुरू किती लांब, ते तुम्हीच मोजा.

मोजायचंच तर जवळचंही मोजा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. ठाण्याचं तर १९०१ चं. खान्देशात त्यातलं एकही नाही. ठाणे इथून चारशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांब सोडून आलेल्या बाईला दर रविवारी भेटायला कोण जाणार? शेताची कामं, गाडीभाडं, आणि मग हळूहळू फोनही कमी. बरे होऊनही वर्षानुवर्षं आत राहिलेल्या पेशंटांचा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात नेला, तो उगाच नाही. धुळ्याच्या त्या वॉर्डात मात्र संध्याकाळी कुणाचा ना कुणाचा डबा यायचाच. नंदुरबारकडची एक मुलगी आपल्या आजीला बघून पहिल्यांदा जेवली, ते मी पाहिलं. भाकरी आणि ठेचा. त्याच्या आधी तीन दिवस सलाइन.

अकरावा दिवस

औषधं लागू पडत गेली, शॉकची वेळ आली नाही. पहिले तीन दिवस ती जवळपास झोपूनच होती, मला वाटलं आता ही अशीच राहणार. सहाव्या दिवशी तिने विचारलं, "लॅपटॉप कुठाय?" अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता त्यांना सगळं समजतंय, पुढचे दिवस त्यांच्या स्वतःच्या संमतीने. म्हणजे आता ती 'इंडिपेंडंट' पेशंट. काकांची सही असलेला कागद बाजूला ठेवला आणि नवा फॉर्म तिच्यापुढे आला.

ताईने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. दोन शंका विचारल्या, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली. मग तिची ऑफिसची ती लफ्फेदार सही केली. हात थोडा थरथरत होता, औषधाने.

अठराव्या दिवशी डिस्चार्ज. जिजूला आम्ही अ‍ॅडमिट केल्यावर दोन दिवसांनी सांगितलं होतं. तो पहिल्या गाडीने आला, रडला आणि आधी का नाही सांगितलं म्हणून सगळ्यांवर चिडला. सासूबाईंना कळायला महिना गेला. वकीलकाकांची भीती अगदीच खोटी नव्हती, हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण नुसता आजार पुरत नाही, तो सोबत राहणं अशक्य व्हावं इतका गंभीर असावा लागतो, हे सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय. ऑफिसला तर कळलंच नाही. मॅटर्निटी लीव्ह २६ आठवड्यांची होतीच. मेडिक्लेमचं बिल मात्र आम्ही भरलं नाही, काका फाइल दाखवायला तयार नव्हते. शारीरिक आजाराला जसा विमा मिळतो तसाच मानसिक आजाराला मिळाला पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. आमचे ते पैसे गेले.

तुमच्या घरात अशी रात्र आली, तर एक नंबर सेव्ह करून ठेवा: टेली-मानस, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आमच्या वेळी तो नव्हता. आणि मानसोपचारतज्ज्ञ हाताशी नसेल तर रजिस्टर्ड असलेला कुठलाही डॉक्टर ७२ तासांपर्यंत इमर्जन्सी उपचार देऊ शकतो, पुढे नेण्याची व्यवस्थाही करू शकतो. म्हणजे आम्ही जे सात तास फिरलो, तेव्हा डिलिव्हरी झाली त्या नर्सिंग होममध्येही सुरुवात होऊ शकली असती.

पुढच्या श्रावणात मावशीकडे कानबाई बसली. मावशीने नवस बोलला होता, तो फेडायचा होता. औषधाने बरं झालं की कानबाईने, यावर घरात वाद नाही. दोघांचंही श्रेय मावशीने वाटून टाकलंय. ताई गोळ्या अजून घेत होती. रोट भाजायच्या गडबडीत तिने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक साधा कोरा कागद पुढे केला. परत असं झालं तर तिच्या वतीने निर्णय कोण घेणार, ते तिने लिहून ठेवलं होतं. साध्या कागदावर चालतं, फक्त सही हवी आणि ज्याचं नाव आहे त्याची लेखी तयारी. नाव माझं होतं.

"जिजूचं का नाही?" मी विचारलं.

"तो रडत बसतो. तू फॉर्म वाचतेस."

मी खाली सही केली. बाहेरून मावशी ओरडत होती, रोट करपतोय म्हणून.