रूळ दुरुस्त होत असतां

शनिवारचें वृत्तपत्र उघडलें कीं 'उद्यां मेगाब्लॉक' अशा मथळ्याखालीं चार-सहा ओळींचा मजकूर बहुधा आढळतो. अमुक स्थानकापासून तमुक स्थानकापर्यंत अमुक वेळीं लोकलगाड्या बंद राहतील, धिम्या गाड्या जलद मार्गानें जातील, जरूर तेथें जादा बसगाड्या सोडण्यांत येतील, असा त्याचा सारांश असतो. आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी व त्यांचे पालक लोकलनें येजा करणारे आहेत. रविवारीं उपासनेस, नातलगांकडे किंवा एखाद्या परीक्षेस निघालेल्या माणसाला हा मजकूर वाचून प्रथम राग येतो, आणि "दर आठवड्याला हे लोक दुरुस्त करतात तरी काय?" असा प्रश्न तो विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मात्र त्या चार ओळींत मावत नाहीं, म्हणून तें येथें देण्याचें आम्ही योजिलें आहे.

आधीं ट्रामपासून आरंभ करूं, कारण रूळ व बस यांचा हा संबंध ट्रामच्या उदाहरणानें लवकर ध्यानांत येतो. मुंबईंत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली व विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजीं. बसगाडी त्यानंतर आली; १५ जुलै १९२६ रोजीं पहिली बस कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. पुढें ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम बंद झाली आणि तिची जागा बसगाड्यांनीं कायमचीच घेतली. परंतु जगांतील ज्या शहरांनीं ट्राम राखून ठेविली, तेथें बसला हें काम थोड्या दिवसांपुरतें पुनःपुन्हां करावें लागतें. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें सुमारे २५० किलोमीटर लांबीचे ट्राममार्ग आहेत. तेथें ट्रामचे रूळ बहुतेक ठिकाणीं रस्त्यांतच पुरलेले असतात. वळणावर चाकाची कड रुळाला सतत घांसते व रूळ झिजतो. तो बदलावयाचा म्हणजे रस्ताच उकरावा लागतो. बैलगाडी खड्डा चुकवून बाजूनें जाईल, मोटार दुसरी गल्ली धरील. ट्रामला तें साधत नाहीं. मग तितक्या टप्प्यापुरत्या बसगाड्या ठेवतात आणि ट्रामचेंच तिकीट त्या बसमध्यें चालतें. हा शेवटचा तपशील वाचकांनीं लक्षांत ठेवावा; त्याकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

लोकलची गोष्ट तत्त्वतः हीच. फरक इतकाच कीं येथें गाडी फार जड, वेग फार मोठा व गर्दी अफाट. रूळ म्हणजे लोखंडाची निर्जीव पट्टी अशी पुष्कळांची समजूत असते; परंतु रूळ उन्हानें लांबतो व थंडीनें आंखडतो. एक किलोमीटर लांबीचा सुटा रूळ घेतला, तर तापमान १० अंशांनीं वाढतांच तो सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांब होईल. आपल्या मार्गावर रूळ एकमेकांस जोडून लांबच लांब केलेले व स्लीपरांना घट्ट आवळलेले असतात. त्यांना लांबावयास जागा नसते. त्यामुळें ताण रुळांतच सांठून राहतो, आणि खालची खडी सैल झाली असेल तर रूळ बाजूस वांकण्याची भीति असते. म्हणून खडी वारंवार ठोकून बसवावी लागते. हें काम आतां मोठीं यंत्रें करितात. रुळाच्या पोटांतील भेग डोळ्यांना दिसत नाहीं. ती ध्वनिलहरींच्या साह्यानें शोधून काढतात, आणि सदोष तुकडा कापून नवा जोडतात.

ही जोडणी कशी होते तें विद्यार्थ्यांनीं अवश्य समजून घ्यावें, कारण रसायनशास्त्राच्या तासाला शिकलेली एक क्रिया येथें प्रत्यक्ष उपयोगांत आणलेली आहे. ॲल्युमिनियमची भुकटी व लोहाचा ऑक्साइड यांचें मिश्रण पेटविलें असतां ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळें होतें. उष्णता एवढी उत्पन्न होते कीं तें लोखंड पाण्यासारखें पातळ होऊन दोन रुळांमधील फटींत उतरतें. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनज्ञानें ही रीत शोधून काढिली, आणि १८९९ सालीं एसेन शहरांत तिचा पहिला व्यावहारिक उपयोग झाला तो ट्रामच्या रुळांवरच. आजही आपल्याकडे रूळ याच रीतीनें सांधतात. परंतु सांधा ओतला कीं लगेच त्यावरून गाडी नेतां येत नाहीं. तो थंड होऊं द्यावा लागतो, घांसून सपाट करावा लागतो, तपासावा लागतो.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व रात्रीं कां उरकत नाहींत? मुंबईंत शेवटची लोकल मध्यरात्र उलटल्यावर जाते व पहिली पहांटे चारच्या सुमारास निघते. मधला अवकाश जेमतेम तीन तासांचा. त्यांत आधीं वरच्या तारांतील वीज बंद करावयाची, ती खरोखर बंद झाली याची खात्री करून घ्यावयाची, यंत्र व माणसें जागेवर न्यावयाचीं, आणि शेवटीं सर्व आवरून मार्ग पुन्हां निर्वेध असल्याचें लिहून द्यावयाचें. प्रत्यक्ष कामाला उरतो तास-दीड तास. लहानसहान कामें रात्रीं होतातच. मोठीं रविवारकरितां राखून ठेवावीं लागतात.

मार्ग किती पदरी आहे यावर प्रवाशाची अडचण किती हें ठरतें. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर धिम्या व जलद गाड्यांचे रूळ निराळे आहेत. त्यामुळें धिमा मार्ग बंद असला तर त्या गाड्या जलद मार्गानें नेतां येतात. पण मग विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर अशा स्थानकांवर त्या थांबत नाहींत, कारण जलद मार्गाला तेथें फलाट नाहीं. हार्बर मार्गावर तर जाण्यास एक व येण्यास एक असे दोनच रूळ. तेथें काम निघालें कीं तेवढा सारा पट्टाच बंद पडतो. अशा वेळीं हार्बरच्या प्रवाशांना त्याच तिकिटावर मुख्य मार्गानें किंवा ठाणें-वाशी मार्गानें जाण्याची मुभा देतात. ज्याला हे दोन्ही मार्ग सोयीचे नाहींत, त्याच्या वांट्यास बस येते.

तीच बस एवढी अपुरी कां पडते? येथें आम्ही पाटीवर थोडें गणित मांडतों. बारा डब्यांच्या लोकलमध्यें गर्दीच्या वेळीं चार हजारांवर माणसें असतात. रविवार दुपार म्हणून आपण दोनच हजार धरूं. एका बसमध्यें बसलेले व उभे मिळून साठ धरूं. एका लोकलची माणसें न्यावयास चौतीस बसगाड्या हव्यात. दर दहा मिनिटांस एक लोकल येत असेल तर दर अठरा सेकंदांस एक बस सुटली पाहिजे. प्रत्येक उतारू चढण्यास अडीच सेकंद घेईल, तर एक बस भरावयास अडीच मिनिटें लागतील. म्हणजे स्थानकाबाहेर एकाच वेळीं आठ-नऊ बसगाड्या भरत उभ्या असावयास पाहिजेत. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस ते दादर हें अंतर रुळानें सुमारे नऊ किलोमीटर आहे. तेवढें जाण्यास बसला चाळीस मिनिटें, परतण्यास तितकींच, आणि मधल्या थांब्यास वीस धरलीं, तर तीच बस पुन्हां उपयोगी पडावयास शंभर मिनिटें जातील. सारांश, एका दिशेच्या लोकलची जागा भरून काढावयास तीनशेंचाळीस बसगाड्या लागतील. बेस्टच्या सर्व गाड्या मिळून आज तीन हजारही भरत नाहींत. हे आंकडे आम्ही सोयीसाठीं धरलेले आहेत, विद्यार्थ्यांनीं आपल्या स्थानकावर उभें राहून स्वतःचे आंकडे घालून पाहावे. पण उत्तराचा आकार फारसा बदलणार नाहीं. बसवाल्यांना शिव्या देणाऱ्या गृहस्थांनीं हें गणित एकवार सोडवावें अशी आमची विनंति आहे.

जादा बस म्हणजे लोकलची बदली नव्हे. ज्याला जाणें टाळतां येत नाहीं त्याची ती सोय आहे, हें रेल्वेलाही ठाऊक असतें. २०२४ सालीं ठाणें स्थानकांतील पांच क्रमांकाचा फलाट रुंद करण्यासाठीं ३० मेच्या मध्यरात्रीनंतर ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता. त्याच सुमारास टर्मिनसवर लांब गाड्यांसाठीं फलाट वाढविण्याचें ३६ तासांचें काम चाललें होतें. त्या तीन दिवसांत ९३० लोकल-फेऱ्या रद्द झाल्या. बेस्टनें व एस. टी.नें जादा गाड्या सोडल्या खऱ्या. परंतु कचेऱ्यांनीं आपल्या लोकांस घरूनच काम करूं द्यावें अशी विनंति मध्य रेल्वेनें आधींच केली होती.

घरून काम करतां येणें हें सर्वांच्या नशिबीं नसतें. रुग्णालयांतील परिचारिका, हॉटेलांतील आचारी, पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बाया यांना रविवार इतर वारांसारखाच. लोकलचा मासिक पास बेस्टच्या बसमध्यें चालत नाहीं; ९ मे २०२५ पासून साध्या बसचें किमान भाडें पांचाचें दहा रुपये झालें आहे. पास काढून पैसे आगाऊ भरलेल्या माणसानें त्याच प्रवासास पुन्हां पैसे द्यावयाचे, आणि तेही रेल्वेच्या कामामुळें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. मेलबर्नसारख्या शहरांत जें घडतें तें येथें निदान जाहीर ब्लॉकच्या तासांपुरतें घडावें असें आम्हांस वाटतें. त्यांत येणारा खर्च फार मोठा असेल असें नाहीं.

रविवारच्या उपासनेचा प्रश्न आमच्या मंडळींतील वडीलधारी माणसें नेहमीं काढतात. बहुतेक ब्लॉक सकाळीं दहा-अकरापासून दुपारीं चारच्या आगेमागे असतात, त्यामुळें सकाळच्या उपासनेस जातांना अडचण नसते, ती परततांना येते. प्रभूच्या दिवशीं हीं कामें काढावींच कां, असेंही कोणी विचारितो. विहिरींत पडलेला बैल शब्बाथ दिवशीं वर काढावा कीं नाहीं, हा जुना वाद ज्यांना आठवतो त्यांना आमचें मत वेगळें सांगावयास नको. रुळांवर रविवारीं घाम गाळणारा कामगारही कोणाचा तरी बापच आहे, आणि त्याची सुटी मधल्या वारीं एकट्यानेंच जाते.

त्या कामगाराच्या बाजूनें पाहिलें तर ब्लॉकचा अर्थच निराळा दिसतो. २२ जानेवारी २०२४ रोजीं रात्रीं वसई रोड व नायगांव यांच्या दरम्यान सिग्नलचा बिघाड दुरुस्त करीत असतां पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखालीं सांपडून मरण पावले. चालू मार्गावर काम करणें म्हणजे काय, हें यावरून कळावें. ब्लॉक म्हणजे त्या माणसांभोंवतीं कांहीं तासांपुरती घातलेली भिंत आहे. आणि काम पुढें ढकललें तर? ३ जुलै २०१८ रोजीं भर पावसांत अंधेरीच्या गोखले पुलाचा एक भाग खालच्या रुळांवर कोसळला व सकाळच्या वेळीं पश्चिम रेल्वे कित्येक तास ठप्प झाली. त्या दिवशींची बंदी कोणी शनिवारच्या पत्रांत छापली नव्हती. तिच्याशीं १९ नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीं सुरू झालेला २७ तासांचा ब्लॉक ताडून पाहा. दीडशें वर्षांहून जुना व धोक्याचा ठरलेला कर्नाक पूल त्यांत पाडावयाचा होता. गाड्या भायखळा, दादर, वडाळा येथून परत फिरविल्या, तेथून पुढें बसगाड्या ठेविल्या, आणि लोकांना आधीं कळलें असल्यानें पुष्कळ जण घराबाहेर पडलेच नाहींत.

ज्यांना बाहेर पडणें भागच आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. सूचना वाचतांना ब्लॉकची वेळ न पाहतां 'ब्लॉकपूर्वीची शेवटची गाडी' व 'ब्लॉकनंतरची पहिली गाडी' या दोन वेळा पाहाव्या. त्या बहुधा दिलेल्या असतात. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण चालू झाली आहे, तेव्हां दक्षिण मुंबईस जाणारांना बसखेरीज तीही वाट आहे. मोठ्या परीक्षेच्या रविवारीं कधीं कधीं ब्लॉक रद्द करतात, पण तें गृहीत धरूं नये. परीक्षार्थ्यानें आदल्या संध्याकाळीं चौकशी करावी. आणि जादा बसनें गेल्यास परतीची शेवटची जादा बस किती वाजतां, हें जातांनाच वाहकाला विचारून ठेवावें. ब्लॉक चार वाजतां उठला तरी लोकल वेळेवर धावूं लागण्यास आणखी वेळ जातो, आणि जादा बसगाड्या तोंवर थांबतातच असें नाहीं.