बैल धावतो का? घाटातल्या एका खटल्याची गोष्ट

माघ ते वैशाख या दिवसांत पुण्याहून नाशिक रस्त्याला लागावं. चाकण मागं पडलं की फ्लेक्सवरची भाषा बदलते. गृहप्रकल्पांची जागा गावदेवाच्या यात्रा घेतात. टोकनची तारीख, पहिल्या नंबरचं बक्षीस आणि ‘घाटाचा राजा’ ही अक्षरं ठळक होतात. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर, मावळ, हवेली असं बैलगाड्याचं वेड पुण्याला वेढून आहे. मला शर्यतीइतकंच वेड तिच्या खटल्याचं लागलं, आणि ते आजवर उतरलेलं नाही. घाटातल्या कुणालाही कधी न पडलेला एक प्रश्न या खटल्यात न्यायालयांपुढे वारंवार येत राहिला: बैल हा धावणारा प्राणी आहे का?

घाट ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. सातारा-सांगलीकडची शर्यत सपाट मैदानात होते. एक जोडी, मागं छकडा, छकड्यावर गाडीवान. आमच्या घाटात धावपट्टी चढाची असते. गाडे एकेक करून सुटतात, त्यामुळे झुंज शेजारच्या गाड्याशी नसते, घड्याळाशी असते. दोन बैल पुढे, दोन मागे आणि या चौघांच्याही पुढे घोडी. निशाण पडतं, घोडीस्वार टाच मारतो, बैल घोडीच्या मागं झेप घेतात, ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते. धूळ खाली बसायच्या आत बारी संपलेली असते. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांची. निवेदक सेकंद पुकारतो, पुढचे आकडे पुकारतो, कारण इथं सेकंदाच्या तुकड्यावर नंबर ठरतात. गाडामालकाची माणसं भंडारा उधळत बैलांकडे धावतात.

स्पेनमधल्या पाम्प्लोना शहराचा सान फेर्मिन उत्सव जगाला माहीत आहे. हेमिंग्वेच्या १९२६ सालच्या कादंबरीनं तो जगभर नेला. तिथं ७ ते १४ जुलैदरम्यान रोज सकाळी ८ वाजता सहा वळू जुन्या गल्ल्यांतून सुमारे ८७५ मीटर धावतात. वाट दाखवायला माणसाळलेले बैल सोबत असतात, आणि सगळ्यांच्या पुढे माणसं पळतात. १९१० पासून त्या धावण्यात १६ माणसं दगावली. सकाळी धावलेले वळूही त्याच दिवशी संध्याकाळी रिंगणात मारले जातात. खेडचा बैल संध्याकाळी टेम्पोत चढून आपल्या दावणीला परततो. हा फरक मला फार मोठा वाटतो. पण तेवढ्यानं घाट निर्दोष ठरत नाही. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका हे सगळं शर्यतींत होत आलं होतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. खटला उभा राहिला तो त्यातूनच.

तारखा भराभर सांगतो. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं खेळांसाठी शिकवण्यास व दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या त्या निकालाचा गाभा असा की, बैलाचं शरीर या कामासाठी घडलेलंच नाही. तो पळतो तो भीतीनं आणि वेदनेनं. २०१७ च्या जानेवारीत जल्लिकट्टूसाठी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचा लोंढा उसळला, तामिळनाडूनं कायदा बदलला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानंही प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. घाट पुन्हा सुरू होणार म्हणून तयारी सुरू झाली, तोच ऑगस्टमध्ये पुण्यातल्याच एका प्राणिप्रेमी कार्यकर्त्याच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते यानंतरचं वळण. राज्यानं नियम करून आणले, तरी उच्च न्यायालयाचं समाधान झालं नाही. नियम कितीही चांगले असले तरी बैलाची जात त्यानं बदलत नाही, असा त्या आक्षेपाचा रोख होता. तेव्हा शासनानं समिती नेमली आणि बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर अहवाल तयार करून सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवला. निष्कर्ष: बैलाच्या अंगात धावण्याची क्षमता आहे. पिढ्यान्‌पिढ्या खिल्लार बैलांचं चालणं, पळणं, खूर, छाती, डोळा पारखणाऱ्या शेतकऱ्याच्या ज्ञानाला शासकीय कागदाचा आधार लागावा, हे कित्येक गाडामालकांना झोंबलं. मला मात्र हा कागद आवश्यक वाटतो. पारख ही गावात पुरेशी असते. न्यायालयात पुरावा लागतो.

पण हा अहवाल निम्म्याच प्रश्नाचं उत्तर देतो. बैल धावू शकतो, एवढंच त्यातून कळतं. तो कशामुळे धावतो, याचं उत्तर २०१७ च्या नियमांत शोधावं लागतं. हे नियम मी पुन्हा पुन्हा वाचतो. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, ५० हजार रुपयांची ठेव, १,००० मीटरपेक्षा लांब धावपट्टी नाही, पशुवैद्यकाचा दाखला, दोन धावांमध्ये विश्रांती, दिवसात एका बैलाच्या तीनपेक्षा जास्त धावा नाहीत, काठी-चाबूक-विजेचा झटका नाही, शर्यतीचं चित्रीकरण. मोडल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. खटल्यातून घाटाला मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट माझ्या मते ही नियमावली आहे. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं याच नियमांच्या आधारे तूर्त मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दुरुस्त कायदा वैध ठरवला. दुरुस्ती आणि नियम मिळून प्राण्याचा त्रास बराच कमी करतात, हे पीठानं मान्य केलं. म्हणजे घाटाची परवानगी नियम पाळण्यावर उभी आहे. नियम सुटले तर परवानगीचा पायाच जातो.

मोकळीक मिळाल्यावर काय झालं, तेही सांगायला हवं. १ जानेवारी २०२२ ला आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीत शर्यत ठरली होती. करोनाच्या निर्बंधांमुळे ती आयत्या वेळी रद्द झाली. फेब्रुवारीत खेडजवळच्या निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हे यांनी दिलेला शब्द पाळत बारीपुढे घोडी धरली. मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला झालेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस थेट जेसीबी होतं. यात्रेच्या नारळापासून जेसीबीपर्यंतचा हा प्रवास मला अस्वस्थ करतो. ट्रॅक्टरनं शेतातून बैल हद्दपार केल्यावर खिल्लारच्या गोऱ्ह्याला किंमत उरली ती बव्हंशी घाटामुळे, हे खरं आहे आणि शर्यतीच्या बाजूचा तो सर्वात भक्कम मुद्दा आहे. पण बक्षीस जितकं मोठं, तितका काठी लपवून आणायचा मोह मोठा.

म्हणून शहरातून पहिल्यांदा घाट पाहायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे. सकाळी लवकर पोचा, टोपी आणि पाणी सोबत ठेवा, मुलांचा हात सोडू नका. कठड्याबाहेरच उभे राहा. घाटाच्या माथ्यावर, जिथं गाडा थांबतो, तिथं अजिबात जाऊ नका. बैल सेकंदात थांबत नाहीत आणि अशा ठिकाणी माणसं जिवाला मुकली आहेत. पहिल्या काही बाऱ्या घोडीकडे पाहण्यात जातील. मग नजर जुंपणीच्या जागेकडे वळवा. तिथं चार-पाच माणसं बैलांना थोपवून धरतात. कुणी वशिंडावर हात फिरवतो, कुणी कानाशी बोलतो. त्या माणसांचे हात रिकामे आहेत का, हे पाहा. शेपटीशी कुणी खेळत नाही ना, हेही पाहा.

तिथं काठी दिसली तर गप्प राहू नका; यात्रा समितीला सांगा, समितीनं ऐकलं नाही तर बंदोबस्तावरच्या पोलिसाला सांगा. असं सांगणारा घाटाचा वैरी नव्हे. पाच न्यायमूर्तींनी जो भरवसा ठेवला तो प्रत्येक बारीला पुन्हा खरा करावा लागणार आहे, आणि ते काम बैलाचं नाही, माणसांचं आहे. घोडीच्या मागं, मोकळ्या पाठीनं धावणारा बैल हाच न्यायालयातल्या त्या प्रश्नाला घाटानं द्यायचा पुरावा आहे.