खुंटी, दोरी आणि संमिश्र संख्या

‘काल्पनिक’ या शब्दालाच बिचकून पुष्कळ जण संमिश्र संख्यांची वाट सोडतात. आम्ही तो शब्द बाजूला ठेवून कागद घेतो: वास्तव भाग आडवा मोजायचा, काल्पनिक भाग उभा; संख्या म्हणजे एक बिंदू. ही रीत १७९७ साली डॅनिश अकादमीपुढे मांडणारा कास्पर वेसेल पेशाने भूमापक. त्याचा निबंध जवळजवळ शंभर वर्षे दुर्लक्षित राहिला. गणित हा ज्याचा पेशा नाही, त्याचे ऐकतो कोण?

मोजणीदाराला दोन गोष्टी लागतात, अंतर आणि दिशा. मापांक हे अंतर, कोनांक ही दिशा. बदलत्या संख्येला ‘ज्ञ’ म्हणू. ‘ज्ञ − ३’ म्हणजे ३ पासून मोजणे. म्हणून |ज्ञ − ३| = २ दिसले की ३ वर खुंटी ठोकावी, दोन एककांची दोरी फिरवावी; वर्तुळ झाले. |ज्ञ − १| = |ज्ञ − ५| असेल तर दोन्ही खुंट्यांपासून सारखे अंतर, म्हणजे ३ मधून जाणारी उभी रेषा.

कोनांकात मात्र जपावे. (ज्ञ − १) चा कोनांक ४५ अंश म्हटले की बहुतेक जण अख्खी तिरपी रेषा ओढतात. पण १ च्या मागल्या बाजूला कोनांक उणे १३५ अंश होतो; ती बाजू पुसावी. उरतो वर उजवीकडे जाणारा किरण. त्याच्या आरंभी, १ वर, पोकळ टिंब काढावे. तेथे ज्ञ − १ शून्य होते, आणि शून्याला दिशा कसली!