वालेन्सियातील एक गुरुवार

आपल्या संस्थेच्या सभासदांच्या घरांतून अलीकडे मुलेमुली परदेशी शिकावयास जाऊ लागली आहेत. मुलगी निघाली म्हणजे वडील फीचा आणि राहण्याच्या जागेचा हिशोब करतात, आजी मात्र एकच प्रश्न विचारते, "तिकडे हिला भात मिळेल का गं?" तरुण मंडळी हसतात. आम्हांस तो प्रश्न हसण्याजोगा वाटत नाही. स्पेनमध्ये शिकणाऱ्या आपल्याकडच्या काही विद्यार्थ्यांनी मिळून वालेन्सिया शहरात एक गुरुवार घालवला. सुट्टीत परतल्यावर त्यांनी जे सांगितले, त्यात आमच्या वाचनाची थोडी भर घालून हा लेख सादर करीत आहोत. आजीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहेच, शिवाय आणखीही काही आहे.

माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या खालोखाल वालेन्सिया हे स्पेनमधील तिसरे मोठे शहर. ते भूमध्य समुद्राच्या काठी वसले आहे. शहराच्या दक्षिणेस दोनअडीच कोसांवर आल्बुफेरा नावाचे विस्तीर्ण सरोवर असून त्याभोवती सुमारे १५ हजार हेक्टर धानाची शेती आहे. धान मे महिन्यात पेरतात आणि सप्टेंबरात कापतात. हे पीक त्या देशात अरबांनी रुजवले; तांदळाला स्पॅनिश भाषेत 'आरोस' म्हणतात तो शब्द अरबीच, आणि आल्बुफेरा हे नावही अरबीच. म्हणजे आपली मुले गेली ती एका धानाच्या मुलखातून दुसऱ्या धानाच्या मुलखात.

सकाळी मंडळी प्रथम मध्यवर्ती बाजारात गेली. लोखंड, काच आणि रंगीत फरशा यांची ही घुमटाची इमारत १९२८ साली उघडली. आत फळे, भाज्या, मासळी, केशर, आणि खुंटीला टांगलेल्या डुकराच्या मांड्यांच्या रांगा. शाकाहारी मुलांना तो भाग झपझप ओलांडावा लागला, हे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. पण एका भाजीवालीने 'पाताता' म्हणून बटाटे पुढे केले तेव्हा सर्वांनाच गंमत वाटली. बटाटा, टोमॅटो, मिरची हे सारे स्पॅनिश आणि पोर्तुगीज गलबतांनी अमेरिकेतून आणलेले; पुण्यामुंबईकडचा 'बटाटा' हा शब्दही त्याच वाटेने आला. आपण बालाघाटकर मात्र आलूच म्हणत राहिलो!

गुरुवार निवडण्याचे कारण आता सांगतो. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तेथील मोठ्या चर्चच्या दाराशी पाण्याची पंचायत भरते. शहराभोवतीच्या शेतीला तुरिया नदीचे पाणी आठ कालव्यांनी मिळते. प्रत्येक कालव्याचे शेतकरी आपल्यातूनच एक पंच निवडतात. हे आठ जण काळे अंगरखे घालून गोलाकार बसतात. शिपाई एकेका कालव्याचे नाव पुकारतो आणि तक्रार आहे का ते विचारतो. कोणी पाळी मोडून पाणी घेतले, कोणी पाट साफ केला नाही, अशा त्या तक्रारी. वकील नाही, कागद नाही. सारे तोंडी, आणि निकाल तेथल्या तेथे. ज्या कालव्याचा तंटा असेल त्याचा पंच निकालात भाग घेत नाही. या निकालावर अपील नाही. परंपरेनुसार ही पंचायत इसवी सन ९६० पासूनची मानतात, आणि १९६० साली तिचा सहस्रवार्षिक उत्सव झाला. २००९ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशात मान दिला. त्या दिवशी एकही तक्रार नव्हती, तेव्हा पंच पाच मिनिटांत उठून गेले. "एवढेच?" असे एका मुलाच्या तोंडून निघून गेले. आम्ही त्याला म्हटले, अरे, तक्रार नाही हीच बातमी!

कारण आपल्याकडे काय झाले ते पाहा. बालाघाट, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातील जुने तलाव मालगुजारांच्या काळचे. पाळ बांधणे, गाळ काढणे, पाण्याची पाळी ठरवणे हे गावकीचे काम असे. १९५१ साली मालगुजारी गेली. ती जावयासच हवी होती. पण तिच्याबरोबर तलावांची ती घडीही पुष्कळ ठिकाणी मोडली, आणि पाळीची पंचाईत करणारे कोणी उरले नाही. आपल्या सुवासिक चिन्नोर तांदळाचेही तेच. उशिरा तयार होणारा आणि उतारा कमी देणारा म्हणून शेतकऱ्यांनी तो सोडत आणला. २०२१ साली बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले ही समाधानाची गोष्ट खरी, पण आपल्यापैकी किती घरांत आज चिन्नोर शिजतो?

असो. दोन वाजता जेवण. तेथे दुपारचे जेवण बहुधा दोन-अडीचला आणि रात्रीचे नवाच्या सुमारास घेतात. नव्या मुलाने हे आधीच ध्यानात ठेवावे, नाहीतर उपास घडतो. मंडळींनी 'पाएया' मागवला. हे नाव मुळात भांड्याचे: परातीसारखे रुंद, उथळ, दोन कानांचे लोखंडी भांडे. ऑलिव्हच्या तेलात मांस व शेंगा परततात, टोमॅटो घालतात, पाणी आणि केशर टाकून उकळी आणतात आणि मग आखूड जाड दाण्याचा तांदूळ पसरतात. त्यानंतर ढवळावयाचे नाही. आपला भात मोकळा व्हावा म्हणून आपण धडपडतो. त्यांचा दाणा पाण्याचा सारा स्वाद पिऊन घेतो. तळाशी धरलेली खरपुडी तर मानाची. तिच्यासाठी थोरामोठ्यांतही चमच्यांची लढाई होते.

वालेन्सियाच्या मूळ पाएयात कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा आणि डबल बीसारखा मोठा पांढरा दाणा असतो. मांस न खाणाऱ्यांसाठी भाज्यांचा पाएया मिळतो. मात्र तो मांस शिजवलेल्या पाण्यात केला नाही ना, हे स्पष्ट विचारावे. नुसते 'मी शाकाहारी' म्हटल्याने भागत नाही. मासळी आणि डुकराचे मांसही नको, असे नावानिशी सांगावे. या मुलांनी दोन भांडी मागवली, एक मांसाचे आणि एक भाज्यांचे.

खरी अडचण पुढेच होती. पाएया जुन्या रीतीने ताटात वाढत नाहीत. सर्वजण भांड्याभोवती बसून आपापल्या बाजूने चमच्याने खातात. उष्ट्याचा विचार लहानपणापासून अंगी मुरलेल्या एका मुलीचा हात थबकला. तेव्हा वाढप्याने चमच्याच्या दांड्याने भातावर रेघा ओढून दाखवल्या: ही तुझी फोड, ही याची, दुसऱ्याच्या हद्दीत चमचा घालणे तेथेही असभ्यच. मुलगी जेवली. तिच्या आजीने हे ऐकून काही वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग पंगतच की ती, फक्त पान एक."

दुपारी पुष्कळशी लहान दुकाने बंद असतात. त्या वेळात मंडळींनी 'ओर्चाता' घेतली. शेजारच्या आल्बोराया गावच्या मातीत होणारे चुफा नावाचे बारीक कंद भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून हे दुधासारखे थंड पेय करतात. चुफा म्हणजे आपल्या धानाच्या बांधावरच्या लव्हाळ्याचाच भाऊबंद. आपण जे उपटून फेकतो, त्याच्या भावाची तेथे मशागत होते!

संध्याकाळी मुले नदीत फिरावयास गेली. नदीत म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरियेला महापूर येऊन ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर नदी शहराच्या दक्षिणेकडून नव्या पात्रात वळवली. जुन्या पात्रात मोठा रस्ता करण्याचा बेत होता. नागरिकांनी तो हाणून पाडला आणि हिरवळ मागितली. आज तेथे दोनअडीच कोस लांबीची बाग आहे, जुन्या दगडी पुलांखालून मुले सायकली फिरवतात, म्हातारी माणसे बाकांवर बसून असतात. वैनगंगेचा पूर पाहिलेल्या मुलांना पाण्याविना उभे पूल पाहून चमत्कारिक वाटले.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा प्रलय झाला. नव्या पात्रामुळे शहर बहुतांशी वाचले, पण त्याच्या दक्षिणेकडील गावांत पाणी शिरले आणि वालेन्सिया प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसे गेली. त्यानंतरच्या दिवसांत शहरातील हजारो तरुण खांद्यावर फावडी, झाडू आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन नव्या पात्रावरील पादचारी पुलावरून त्या गावांकडे पायी गेले. त्या पुलाला आता एकोप्याचा पूल असे नाव दिले आहे. दुसऱ्या दिवशी गाडी पकडण्यापूर्वी आपली मुले तो पूल ओलांडून पलीकडे जाऊन आली.