एकरी कोटीची जाहिरात आली? आधी टेप घेऊन हिशोब करा! झपाट्याने वाढणाऱ्या झाडांची लागवड समजून घ्या

तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज आला असेल. "एकरात ४०० झाडे लावा, १२ वर्षांत १ कोटी मिळवा. पाणी कमी, मजूर नको, खरेदीची हमी." कधी महोगनी, कधी मलबार नीम (मेलिया डुबिया), तर कधी आणखी काही. रोपं महाग असतात, पण कोटीचा आकडा बघून माणूस भुलतो.

झपाट्याने वाढणारी झाडं वाईट नाहीत. मजूर मिळत नाही, पोरं शहरात आहेत, जमीन हलकी आहे, अशा शेतकऱ्याला ती नक्की आधार देतात. पण झाड लवकर वाढलं म्हणजे पैसा लवकर आला असं होत नाही. चला, हिशोब बघूया.

कोटीचा आकडा तपासा

१ कोटीला ४०० ने भागा. एका झाडाचे २५ हजार रुपये झाले. आता त्या झाडात लाकूड किती?

वखारीत गोल लाकूड बहुतेक चौथाई घेराने मोजतात. ओंडक्याच्या मधल्या घेराला ४ ने भागायचं, जो आकडा येईल त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. सगळं फुटात धरलं की उत्तर घनफुटात येतं.

- घेर २ फूट, लांबी १५ फूट : पावणेचार घनफूट
- घेर ३ फूट, लांबी १५ फूट : साधारण साडेआठ घनफूट

म्हणजे ३ फूट घेराचं, १५ फूट सरळ खोडाचं झाड २५ हजाराला जायचं असेल, तर घनफुटाला जवळपास ३ हजार रुपये भाव पाहिजे. तोही शेतात उभ्या झाडाला. जवळच्या सॉ मिलवर जा आणि विचारा, "१२ वर्षांच्या या लाकडाला हा भाव द्याल का?" तिथे मिळेल ते उत्तर खरं. आणि ४०० पैकी ४०० झाडं जगतील, सगळी सारखी जाड होतील, असं कुठल्याच शेतात होत नाही.

अंतर कमी, तर झाड बारीक

वरचे आकडे परत बघा. घेर दीडपट झाला तर लाकूड सव्वादोन पट झालं. म्हणून झाडं किती लावली यापेक्षा जाड किती झाली हे महत्त्वाचं.

६ बाय ६ फुटावर एकरात १२१० झाडं बसतात, १० बाय १० वर ४३५ आणि १५ बाय १० वर २९०. रोपं विकणारा दाट लावा म्हणतो, कारण त्याची रोपं जास्त खपतात. कागदाच्या लगद्यासाठी निलगिरी, सुबाभूळ वजनावर जाते, तिथे दाट लागवड चालते. प्लायवूडला किंवा फळीला मात्र जाड, सरळ, बिनगाठीचं खोड लागतं. तिथे अंतर मोकळंच ठेवा. दाट लावलीच असेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाकडी, बारीक झाडं काढून विरळणी करा. जीवावर येतं, पण केली नाही तर सगळीच झाडं बारीक राहतात.

ओळीत १५ फूट ठेवलं तर ट्रॅक्टर फिरतो आणि पहिली दोन वर्षं सोयाबीन, हरभरा, मूग घेता येतो. पुढे सावली वाढते, मग आतलं पीक कमी होत जातं.

"पाणी नको" हे अर्धं खरं

पहिली दोन वर्षं रोपाला उन्हाळ्यात पाणी आणि बुंध्याभोवती तणमुक्त आळं लागतंच. जनावरापासून कुंपणही लागतं. पाणी साचणाऱ्या चिबड जमिनीत मलबार नीम लावू नका.

बाजूच्या फांद्या अंगठ्याएवढ्या असतानाच काढा. मोठी फांदी कापली की तिथे गाठ राहते आणि भाव पडतो. आधी खालून थोडा काप द्या, मग वरून कापा, म्हणजे साल सोलत नाही. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला उतरवू नका.

निलगिरी आणि सुबाभूळ तोडल्यावर खुंटातून परत फुटते. तोड जमिनीपासून वीतभर उंचीवर, करवतीने, थोडी तिरकी करा. खुंट चिरला तर फूट जोमदार येत नाही. फुटव्यांपैकी एक-दोन चांगले ठेवा, बाकीचे काढा.

शेजाऱ्याशी भांडण नको

बांधावर निलगिरी लावली की शेजारच्या पहिल्या काही ओळींचं पीक बसतं. मुळं पाणी ओढतात आणि सावलीही पडते. भाऊबंदकीत नवं भांडण कशाला? बांधापासून आत लावा आणि मधे दोन-तीन फूट खोल चर घ्या. विहिरीजवळ तर निलगिरी नकोच. सुबाभळीच्या शेंगा पिकण्याआधी काढा, नाहीतर बी पडून रान माजतं. तिचा पाला जनावरांना चांगला, पण एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आतच द्या.

गिऱ्हाईक आधी, रोप नंतर

१९८० च्या दशकात पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर निलगिरी लावली. सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला आणि दशकाच्या शेवटी भाव कोसळले. अनेकांनी खुंट उपटून परत शेती केली. झाड दमदार वाढलं होतं, पण घेणारा कमी पडला.

ओलं लाकूड जड असतं. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला पेपर मिल आहे. तिच्या आसपासच्या शेतकऱ्याचं गणित वेगळं आणि तीनशे किलोमीटरवरच्या शेतकऱ्याचं वेगळं. गाडीभाडंच नफा खातं.

कंपनी खरेदीची हमी देत असेल तर करारात एवढं बघा :

- भाव आकड्यात लिहिलाय की नुसतं "बाजारभावाने"?
- किती घेराचं झाड घेणार? बारीक राहिलेल्याचं काय?
- मोजणी कोण करणार? तोडणी आणि वाहतूक कोणाच्या खर्चाने?
- कंपनीनं माल उचलला नाही तर भरपाई काय?

कागद पक्के ठेवा

लावल्या वर्षीच ई-पीक पाहणीत झाडांची नोंद करा. बांधावरची झाडंही त्या अ‍ॅपमध्ये नोंदवता येतात. महाराष्ट्रात झाडतोडीसाठी १९६४ चा कायदा आहे. साग, खैर, चंदन, आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी अनुसूचित झाडं स्वतःच्या शेतातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. निलगिरी, सुबाभूळ त्या यादीत नाहीत. तरी तोडीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात तोड आणि वाहतूक दोन्हींबद्दल विचारा. रस्त्यात गाडी अडली तर नुकसान तुमचंच.

मग करायचं काय?

चांगली काळी, पाण्याखालची जमीन यात घालू नका. पडीक तुकडा किंवा अर्धा एकर घ्या. ज्या गावात अशी झाडं पाच-सात वर्षांची झाली आहेत तिथे जा, टेप लावून घेर मोजा आणि त्या शेतकऱ्याला विचारा की माल विकला का, कितीला आणि पैसे हातात कधी आले. मगच रोपांची ऑर्डर द्या.