ओले कापड, तिरपे ऊन

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा अवर्षणप्रवण मुलखात पाण्यात उभ्या असलेल्या माणसांची छायाचित्रे किती निघतात, हे पाहायचे असेल तर लग्नसराईच्या तोंडावर एखाद्या रविवारी सकाळी एकरुखच्या, म्हणजे आपल्या हिप्परग्याच्या तलावाकडे चक्कर मारावी. नऊवारीतली नियोजित वधू घोटाभर पाण्यात, वर काठावर, मित्राच्या हातात चंदेरी पत्रा. पलीकडे मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ करायला आलेली कॉलेजची मुले-मुली. कोणाकडे भारी कॅमेरा, कोणाकडे मोबाइल.

छायाचित्रण मी कुठल्या संस्थेत शिकलेलो नाही. प्रश्न पडला की वाचायचे, आणि वाचून पटले नाही की करून पाहायचे, एवढीच माझी रीत. या हौसेच्या चित्रणामागचे विज्ञान गेली काही वर्षे तपासतो आहे. उन्हावर आणि पाण्यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. कापडावर कोणी बोलत नाही, आणि चादरी-टॉवेलांच्या गावात हे मला नवलाचे वाटते. पण कापडाकडे जायचे तर वाट उन्हातूनच आहे.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला इथे सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. अशा उन्हात उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर उतरते. २२ डिसेंबरलासुद्धा माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो. युरोपातल्या पुस्तकांत हिवाळ्याच्या दुपारच्या मऊ उन्हाचे जे कौतुक असते, ते आपल्याकडे लागू पडत नाही. आणखी एक बारकावा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७५.९ वर. म्हणून आपली खरी माध्यान्ह सरासरीने सव्वीस मिनिटे उशिरा, साडेबाराच्या आगेमागे होते. बारा वाजले, आता ऊन उतरणार, असे घड्याळ पाहून म्हणणारा फसतो.

आता पाणी. पाण्याला स्वतःचा असा चेहरा नसतो. ते समोरचे दाखवते किंवा आतले दाखवते. यातले काय दिसणार हे कोनावर ठरते. सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी पाणी जेमतेम दोन टक्के परतवते, बाकीचा आत जातो. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असेल, तर तेच पाणी एकतृतीयांशाहून थोडा जास्त प्रकाश परतवते. सूर्योदयानंतर पाऊण तासाच्या आतबाहेर ही स्थिती असते. म्हणजे सकाळी तलाव हाच फुकटचा, एकरभर पसरलेला रिफ्लेक्टर असतो. हनुवटीखाली आणि भुवयांखाली तो खालून उजेड देतो. दुपारी बारा-साडेबाराला त्याच पाण्यात उभे राहून काही मिळत नाही.

कॅमेऱ्यालाही हाच नियम. पाण्याच्या पातळीशी टेकवून कॅमेरा धरला की पाणी आरसा होते, उंच काठावरून खाली रोखला की खिडकी होते. ध्रुवण फिल्टर लावला तर पृष्ठभागाशी ३७ अंशांच्या आसपास कोन धरून पाहताना चकाकी जवळजवळ पुसली जाते. पण खिडकी उघडून आत पाहण्यासारखे काय आहे, हेही बघावे! उजनीच्या फुगवट्यात काळ्या मातीचा गाळ आणि शेवाळ. तिथे फिल्टर लावून हिरवट-तपकिरी पाणीच मिळते. तिथे आरसा बरा. सिद्धेश्वर तलावाकाठी तर प्रश्नच नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी जोडलेला हा तलाव, मधोमध मंदिर, शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी. पाण्याला रंग हवा असेल तर तो या भिंतींकडूनच उसना मिळतो. मात्र ते देवस्थान आहे, तिथल्या मर्यादा पाळाव्यात. संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी.

उडणारे पाणी हा वेगळाच खेळ आहे. थेंब गोठवायचा तर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका शटर लागतो. रेशमासारखी धार हवी तर पाव सेकंद ते एक सेकंद, आणि मॉडेलने तेवढा वेळ श्वास रोखून उभे राहायचे. शेतातला पाठीवरचा फवारणी पंप (नवा घ्यावा, औषधाचा वापरलेला चुकूनही नको) बारीक तुषारांसाठी बाजारातल्या कुठल्याही महागड्या साधनापेक्षा सरस आहे. सूर्य पाठीशी ठेवून तुषार सोडले, तर इंद्रधनुष्य उमटते. त्यासाठी सूर्य ४२ अंशांच्या खाली हवा. नोव्हेंबरच्या मध्यात सोलापुरात हे सकाळी दहापर्यंत आणि दुपारी सव्वादोननंतर जमते.

पण थेंब हिऱ्यासारखे चमकावेत असे वाटत असेल, तर उलटे करावे लागते: सूर्य मॉडेलच्या मागे, आणि त्यामागची पार्श्वभूमी काळोखी. मी काळी घोंगडी टांगतो. लोकर प्रकाश पिऊन टाकते, थेंब उठून दिसतात. चेहरा अंधारात जाऊ नये म्हणून समोरून मांजरपाटाचा ताणलेला पांढरा पडदा धरायचा. हौशी मुलांनाही हे ठाऊक असते. "काका, मागून ऊन घेतलं की पाणी पेटतं," असे एकाने मला सांगितले. शब्द छान आहे. पण मागून येणारे ऊन फक्त पाणी पेटवत नाही.

इथे कापड येते. भज्याचा कागद आठवा. तेल लागलेल्या जागी कागद पारदर्शक होतो, पलीकडची अक्षरे दिसू लागतात. कापडाचे तसेच आहे. कोरड्या सुती कापडात तंतू आणि तंतूंमधली हवा यांच्या असंख्य सीमा असतात. प्रकाश प्रत्येक सीमेवर थोडा वळतो, थोडा परततो, आणि या विखुरण्यामुळेच कापड पांढरे व अपारदर्शक दिसते. हवेचा अपवर्तनांक १, सुताचा साधारण १.५५. कापड भिजले की हवेची जागा पाणी घेते, आणि पाण्याचा अपवर्तनांक १.३३. दोन्हींतला फरक कमी झाला, विखुरणे कमी झाले, प्रकाश सरळ आरपार जाऊ लागला. जाड कापडात तो खोल जाऊन शोषला जातो, म्हणून भिजलेली चादर गडद दिसते. पातळ कापडात तो पलीकडे पोचतो. तेलाचा अपवर्तनांक सुताच्या आणखी जवळचा, म्हणून भज्याचा कागद पाण्याने भिजलेल्या कागदाहून स्वच्छ दिसतो.

मी घरी लाकडी चौकटीवर तुकडे ताणून, मागे वर्तमानपत्र चिकटवून, तांब्याने पाणी ओतून पाहिले. पांढऱ्या मलमलीतून बारीक मजकूरही वाचता आला. मलमलीच्या दोन थरांतून मथळा वाचता आला. गडद इरकलीतून काही नाही. तिथे रंगच प्रकाश शोषतो. सोलापुरी टॉवेलमधून अर्थातच काही नाही. मग वर्तमानपत्र काढून चौकटीमागे हात धरला आणि चौकट उन्हाकडे केली. इरकलीने इथेही दाद दिली नाही. पण समोरून पाहताना ठीक वाटणारी पांढरी दुहेरी मलमल मागच्या उन्हात हाताची पुरती आकृती दाखवू लागली. ज्या प्रकाशात थेंब सर्वांत सुंदर दिसतात, नेमका त्याच प्रकाशात ओले कापड सर्वांत जास्त उघडे पडते. आणि पाण्यात उभी असलेली व्यक्ती ही त्या सगळ्या जागेवरची एकटीच अशी असते, जिला हे दिसत नाही. तिला आपले कपडे वरून, पुढच्या उजेडात दिसतात. काठावरच्या मैत्रिणीलाही दुसऱ्या कोनातून दिसतात. भर उन्हात मोबाइलच्या पडद्यावरसुद्धा कळत नाही. रात्री घरी मोठ्या पडद्यावर सावल्या उजळल्या की कळते, तोवर छायाचित्र चार जणांकडे पोचलेले असते.

हे कोडे आपल्या चित्रणकलेइतकेच जुने आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती आणि तिच्या सख्यांच्या जलक्रीडेचे दृश्य होते. ओल्या लुगड्यांतल्या त्या सख्या, आणि तारामती झालेले अण्णा साळुंके, सगळे पुरुष. बाईमाणसाने कॅमेऱ्यासमोर यायलाच तेव्हा समाज राजी नव्हता. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांनी आपल्याच मुलीला, मंदाकिनीला, यमुनेच्या डोहात उतरणारा कृष्ण केले. तो काळ सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या चित्रणाचा, आणि फिल्म निळ्या प्रकाशाला तत्पर पण लाल रंगाला जवळजवळ आंधळी. कुठला रंग काळा उतरेल, हे कापड निवडतानाच ठरवावे लागे. आजचा कॅमेरा सगळेच टिपतो, म्हणून तो विचार मागे पडला. १९७८ च्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्'मधल्या झीनत अमानच्या वेशभूषेवरून वाद झाला. ती करणाऱ्या भानू अथय्या आपल्या कोल्हापूरच्या. त्या वादाची बाजू कोणतीही घ्या. तिथे निदान काय दिसणार हे आधी ठरलेले होते, चाचणी-छायाचित्रे काढलेली होती, आणि अभिनेत्रीला ते ठाऊक होते. तलावाकाठच्या वीस वर्षांच्या मुलीला यातले काहीच ठाऊक नसते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक चाचणी करायला लावतो. घालायचा तोच कपडा, अस्तरासकट, आदल्या दिवशी भिजवायचा. आत हात घालायचा, सूर्य मागे ठेवायचा, फोटो काढायचा, आणि तो पोझ देणाऱ्या व्यक्तीने स्वतः मोठ्या पडद्यावर पाहायचा. तिने नाही म्हटले तर कापड बदलायचे किंवा प्रकाशाची दिशा बदलायची. घट्ट विणीचे गडद सूत, किंवा आत जाड होजिअरीचे गडद अस्तर, बहुतेक वेळा पुरते. तिला मंजूर असेल तर प्रश्न मिटला. कोणी किती दिसावे हे ठरवणारा मी कोण? चित्रणाच्या दिवशी मात्र पहिली दहा छायाचित्रे सावलीत बसून तिला दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाही. यात पाच मिनिटे जातात आणि ऊन वर चढते, अशी तक्रार येते. येऊ द्यावी.

कापडाचा दुसरा गुण वजनाचा. सुती साडी आपल्या वजनाइतके पाणी सहज धरते; नऊवारी तर पायांत गुंतते. काठाचा गाळ वरून टणक दिसतो आणि पोटरीपर्यंत आत घेतो. म्हणून मॉडेलच्या आधी काठी घेऊन फोटोग्राफरने उतरावे, आणि गुडघ्याच्या वर पाणी असेल तर पोहता येणारा माणूस काठावर मोकळ्या हाताने उभा असावा, रिफ्लेक्टर धरून नव्हे. उजनीत होडीतून चित्रण करायची हौस हल्ली वाढली आहे. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. ते चित्रण नव्हते, रोजचा प्रवास होता. आपल्याकडचा उन्हाळी वारा असा मिनिटांत उठतो. जीवरक्षक जाकीट छायाचित्रात दिसते म्हणून काढायला लावणाऱ्याबरोबर होडीत बसू नये.

आणि थंडी. कोरड्या हवेत ओल्या कापडातले पाणी झपाट्याने उडते आणि अंगातली उष्णता घेऊन जाते. माठ गार होतो तसेच. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, ज्या वेळी तलावाचा उजेड सर्वांत चांगला, त्याच वेळी मॉडेलचे ओठ निळे पडू लागतात. दहा मिनिटे पाण्यात, मग बाहेर, कोरडे कपडे, गरम चहा, असा क्रम मी ठेवतो. टॉवेल दोन न्यावेत. एक अंग पुसायला, दुसरा खांद्यावर पांघरायला, आणि तो मॉडेल पाण्यातून बाहेर येईपर्यंत उन्हात वाळत घातलेला असावा.