राखीव डोह आणि मत्स्यनामे

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, सावित्रीस मिळणाऱ्या काळ नदीच्या खडकाळ पात्रात, वाळण कोंड नावाचा एक खोल डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान असून डोहातील मासे देवीचे समजले जातात. ते कोणी धरीत नाही, मारीत नाही, खात नाही. उलट येणारा-जाणारा कुरमुरे टाकतो आणि हातहात लांबीचे मासे पाण्यावर गर्दी करतात. पालघर जिल्ह्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराच्या आश्रयाने असेच मासे राहतात. कर्नाटकात तुंगेवरील शृंगेरीचे मासे तर सर्वपरिचितच आहेत.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. मत्स्यशास्त्रात त्याचा अधिकार नाही. मत्स्यनामांचा संग्रह करण्याच्या निमित्ताने अशा डोहांकडे जाणे घडले, आणि तेव्हा असे ध्यानात आले की, माशाचे रक्षण आणि माशाचे नाव ह्या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या परस्परांपासून दूर नाहीत. नदीतील माशांची राखण एखाद्या गावाने, देवस्थानाने किंवा मंडळाने आपल्या शिरावर घ्यावयाची, तर त्यास प्रथम काय ठाऊक असावे लागते, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

डोहच का राखला जातो, हे आधी पाहू. सह्याद्रीतील नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि चैत्र-वैशाखात त्यांची धार तुटते. मग उरतात ते खडकांतले खोलगट भाग. मराठीत ह्यांस डोह म्हणतात. संस्कृत ‘ह्रद’ हा शब्द प्राकृतात वर्णविपर्ययाने ‘द्रह’, ‘दह’ असा होऊन आपल्याकडे आला आहे. नदीभर पसरलेले मोठे मासे उन्हाळ्यात ह्या डोहांत एकवटतात. पुढे पहिले पूर आले की महसीरसारखे मासे प्रवाहाच्या उलट चढून जातात आणि उथळ, वाहत्या पाण्यात, गोट्यावाळूच्या तळावर अंडी घालतात. म्हणून उन्हाळ्यातील डोह म्हणजे नदीचे बियाणेच होय. शेतकरी दुष्काळातही बियाण्याच्या कणगीस हात लावीत नाही, त्यातलाच हा प्रकार. उलटपक्षी, ज्यास एका दिवसात पुष्कळ मासे हवे असतात तोही नेमका ह्याच दिवसांत, ह्याच डोहात सुरुंग उडवितो किंवा विष कालवितो. ह्या दोन्ही कृत्यांस १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्याने बंदी घातली, तीस सव्वाशे वर्षे उलटून गेली. परंतु कायद्याचा शिपाई डोहावर रात्रंदिवस बसत नाही. देवीचे भय आणि गावाचा डोळा तेथे बसतो, आणि जेथे तो बसला तेथे मासे राहिले.

येथे एक शब्दार्थाचा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजी ‘ट्रस्ट’ ह्या शब्दास आपण ‘न्यास’ किंवा ‘विश्वस्त मंडळ’ असे म्हणतो. ‘न्यास’ ह्याचा मूळ अर्थ खाली ठेवणे, आणि त्यावरून, दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव. आपल्या धर्मशास्त्रकारांनी ठेवींचे बारकावे पाहिलेले आहेत. समोरासमोर दाखवून, मोजून दिलेली ठेव तो निक्षेप. आणि आत काय आहे हे न सांगता, भांड्यात घालून, बंद करून दिलेली ठेव तो उपनिधी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधीचे स्वतंत्र प्रकरणच आहे. हा भेद केवळ पांडित्याचा नाही. निक्षेपातील एक नाणे कमी झाले तर ते तत्काळ कळते. उपनिधीचे मुद्रित भांडे जसेच्या तसे परत केले तरी आतील वस्तूचे काय झाले, हे राखणारास सांगता येत नाही.

नदीतील मासे आपण बहुतेक ठिकाणी उपनिधी म्हणून राखीत आलो आहोत. ह्याचा परिणाम काय होऊ शकतो, ह्याचे एक उदाहरण कावेरीवर घडले. त्याचा एक धागा पुण्यात, दुसरा लोणावळ्यात गुंतलेला असल्यामुळे मराठी वाचकाने ते मुद्दाम समजून घ्यावे.

१९७२ मध्ये बंगळूर येथे दक्षिण भारतातील वन्यजीवनाच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याने कावेरीचा काही मैलांचा भाग सरकारकडून पट्ट्याने घेतला. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांपैकी काहींनाच राखणदार म्हणून नेमले, आणि गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांकडून शुल्क घेऊन त्यातून राखणीचा खर्च भागविला. धरलेला मासा मोजून, वजन नोंदून, पुन्हा पाण्यात सोडावयाचा असा दंडक होता. कावेरीतील ह्या भागाची कीर्ती एका विशिष्ट माशामुळे होती: पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी छटेच्या परांचा प्रचंड महसीर. त्यास ‘कुबडा महसीर’ म्हणू. मणाहून अधिक वजनाचे कुबडे मासे तेथे गळास लागल्याच्या नोंदी आहेत.

आता लोणावळ्याकडे वळू. तेथील वळवण इत्यादी तलाव वीजनिर्मितीसाठी टाटांनी बांधले. ह्या तलावांच्या आधारे १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांच्या मार्गदर्शनाने दख्खनी महसीराची कृत्रिम पैदास सुरू झाली. (ह्याच कुलकर्णींनी १९५२ मध्ये, इतर माशांचे खवले ओरबाडून खाणाऱ्या एका लहान माशास ‘खवलचोर’ असे शास्त्रीय नाव दिले. लॅटिन वळणाच्या नामावलीत हा अस्सल मराठी समास आजही नांदतो आहे.) महसीर सर्वत्र घटत असताना त्याची पिल्ले हजारोंच्या संख्येने तयार करता येतात, हे लोणावळ्याने दाखविले. ही पिल्ले निरनिराळ्या राज्यांस देण्यात आली, आणि ती कावेरीतही सोडली गेली. हेतू उघडच चांगला होता: महसीर घटला आहे, तर महसीर सोडावा.

परंतु ‘महसीर’ हे एका माशाचे नाव नव्हे. ते एका कुळाचे नाव आहे. लोणावळ्याचा महसीर निळसर परांचा. त्याचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. मुंबई सरकारच्या सेवेत राहून दख्खनची पाहणी केलेल्या कर्नल साईक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात हे नाव प्रथम आले. साईक्सची पद्धत भाषाभ्यासकास फार मोलाची वाटते. काठावरच्या लोकांनी सांगितलेले मराठी नाव तो जसेच्या तसे जातिनाम म्हणून घेतो. शिंगटी, मळ्या, कोळस, नकटा ही नावे त्याच्या लेखनातून शास्त्रात गेली आणि तेथेच राहिली. आपल्या बोलींतील शब्दांचा इतका जुना, नमुन्यासह बांधलेला कोश दुसरा नसेल.

त्याच निबंधातील ‘मुसुल्ला’ ह्या नावाने मात्र पुढे घोटाळा केला. साईक्सने ते दख्खनमधील एका थोराड माशास दिले होते. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी ते कावेरीच्या कुबड्या महसीरास लावले. कुबड्याची शास्त्रीय ओळख ह्या उसन्या मराठी नावाने होऊ लागली. साईक्सचा मुसुल्ला हा महसीर नसून निराळ्याच प्रजातीचा मासा होय, हे २०१३ च्या सुमारास दाखविण्यात आले, आणि तेव्हा कावेरीचा हा जगद्विख्यात मासा एकाएकी निनावी झाला. खरे तर तो आधीही निनावीच होता. दुसऱ्याच्या नावाचे पांघरूण तेवढे दूर झाले.

ह्या मधल्या काळात नदीत काय घडत होते? कावेरीवरील गलिबोर येथील गळमासेमारीच्या तळावर १९९८ ते २०१२ ह्या काळातील नोंदवह्या शिल्लक होत्या. सहा हजारांहून अधिक मासे त्यांत नोंदलेले आहेत. २०१५ मध्ये पिंडर, राघवन व ब्रिटन ह्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकंदर महसीर पाहिले तर चित्र आनंदाचे होते: तितक्याच वेळात पूर्वीपेक्षा अधिक मासे गळास लागत होते, म्हणजे राखणीचा उपयोग झाला होता. परंतु नोंदवहीत माशाच्या वर्णाचाही उल्लेख असल्यामुळे दोन जाती वेगळ्या काढता आल्या, आणि चित्र पालटले. वाढले होते ते निळ्या परांचे. कुबडे वर्षानुवर्षे विरळ होत गेले होते, आणि जे मिळत ते अधिकाधिक मोठे असत. मोठा मासा मिळाला म्हणून गळ टाकणारास हर्ष होई. वस्तुतः त्याचा अर्थ असा होता की, म्हातारे उरले होते आणि त्यांच्यामागे पिल्ले नव्हती.

भांडे बंद होते, मुद्रा शाबूत होती, वजनही भरत होते. आतील ठेव मात्र बदलली होती.

बाहेरून आलेल्या खुद्रीने कुबड्यास मागे सारले असावे, असा संशोधकांचा कयास आहे. धरणे, वाळूउपसा, सुरुंग ही कारणेही आहेतच. सगळा दोष पिल्ले सोडण्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. त्या पिढीस दोन मासे वेगळे आहेत हे डोळ्यांनी दिसत होते. ते वेगळे ‘मानण्यास’ लागणारे नाव नव्हते. पुढे तमिळनाडूतील मोयार नदीत मिळालेल्या नमुन्यांवरून २०१८ मध्ये पिंडर, राघवन व सहकाऱ्यांनी निश्चित केले की, केरळातील पांबार ह्या कावेरीच्याच खोऱ्यातील नदीत पूर्वी वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच. हे नाव प्राणिशास्त्रज्ञ रेमादेवी ह्यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. नाव मिळाले त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सूचीत ह्या माशाची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात झाली. त्यापूर्वी ती होऊ शकतच नव्हती, कारण सूचीत नावाशिवाय प्रवेश नाही. त्याच सुमारास लोणावळ्याचा खुद्री संकटग्रस्त वर्गातून निघून चिंतामुक्त वर्गात गेला. दोन्ही वार्ता एकत्र वाचल्या म्हणजे मन संमिश्र होते.

आणखी एक गोष्ट. कुबड्याचा ऱ्हास कळला तो राखणीसाठी ठेवलेल्या नोंदवहीमुळे. अभयारण्याच्या नियमांमुळे २०१२ नंतर तेथील गळमासेमारी थांबली आणि नोंदीही थांबल्या. गळास विरोध करणारांची भावना प्रस्तुत लेखकास समजते; परंतु हिशेबाची वही बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही, ही हानीच आहे.

आता पुन्हा वाळण कोंडाकडे. तेथे काठावरील एका वयस्क गृहस्थांस आम्ही माशांची नावे विचारली. ते म्हणाले, “देवीचे मासे. त्यांना आणखी नाव कशाला हवे?” उत्तर श्रद्धेचे आहे आणि त्याच श्रद्धेने डोह राखला आहे, ह्यात संशय नाही. परंतु त्याच नदीवर खाली काही अंतरावर जाळे वाळवीत बसलेल्या कातकरी बाईंनी बोटे मोडीत नावे सांगितली: मरळ, वाम, शिंगटी, मळ्या, आणि इतर काही. कोणता मासा कोणत्या पाण्याला चढतो, कोणता आताशा दिसत नाही, हेही सांगितले. जो राखतो त्याच्यापाशी नाव नाही, आणि जिच्यापाशी नाव आहे तिला राखणीत स्थान नाही, अशी ही विचित्र वाटणी आहे. आपल्या बहुतेक डोहांवर ती अशीच आढळेल.

डोह राखणाऱ्या गावांनी व देवस्थानांनी एक साधी वही ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. तीत मासे धरण्याची आवश्यकता नाही. कुरमुरे टाकले की मासे आपणहून वर येतात. कोणते आले, त्यांचे काठावरच्या बोलीतील नाव काय, परांचा रंग कोणता, लहान किती व मोठे किती, एवढे लिहिले तरी पुरे. नावे सांगण्यास खालच्या पाण्यावरील कातकरी आणि भोई ह्यांस बोलवावे, आणि बाहेरून पिल्ले आणून सोडण्याचा विचार कोणी मांडला तर आधी ही वही पाहावी. मोजणी मृग लागण्यापूर्वी, पाणी तुटलेले आणि निवळलेले असताना करावी लागते. पहिला गढूळ लोंढा आला की डोहातले काही दिसत नाही.